कोटासोबत घरी जाणारा संसर्ग

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथील कोंबड्यांना बर्ड फ्लूची लागण झाल्याचे भोपाळच्या प्रयोगशाळेच्या तपासणीतून निष्पन्न झाले आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी या रोगाचा देशातील पहिला उद्रेक जाहीर करण्यात आला. त्यानंतर पांढऱ्या संरक्षक पोशाखात कोंबड्या नष्ट करणाऱ्या कर्मचाऱ्यांची छायाचित्रे देशभर झळकली. ते पोशाख एकदा वापरून नष्ट करायचे होते. २०२१ मध्ये नवापुरात रोगाने पुन्हा डोके वर काढले, तेव्हा तेच दृश्य दिसले.

खरा पेच आहे तो रोज अंगावर चढणाऱ्या सुती कोटाचा. याच जिल्ह्यातील रनाळ्यासारख्या गावाच्या पातळीवर प्रयोगशाळा म्हणजे बहुधा एक खोली, एक सूक्ष्मदर्शक आणि रक्त-थुंकीचे नमुने हाताळणारा एकच तंत्रज्ञ. कोट मळला की तो पिशवीत कोंबून घरी न्यायचा आणि मुलांच्या कपड्यांबरोबर धुवायचा, हा सोपा मार्ग.

यातील धोका काल्पनिक नाही. प्रयोगशाळेचे कपडे धुणाऱ्या कामगारांना त्या कपड्यांतूनच ‘क्यू फीवर’ झाला असावा, असा निष्कर्ष अमेरिकेतील संशोधकांनी १९४९ मध्येच प्रसिद्ध केला होता. हे कामगार प्रयोगशाळेत काम करीत नव्हते, हे विशेष. गुरे, शेळ्या-मेंढ्यांपासून माणसाला होणाऱ्या या रोगाचे जंतू कोरड्या धुळीतही तग धरतात. म्हणूनच मळलेला कोट झटकू नये, हा पहिला नियम.

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम टाकून दिलेल्या वस्तूंबाबत स्पष्ट आहेत. रक्त वा शरीरस्रावाने दूषित झालेले टाकाऊ कपडे पिवळ्या पिशवीत जातात, निर्जंतुक होतात आणि भट्टीत जाळले जातात. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा अधिक काळ ठेवता येत नाही. मात्र पुन्हा वापरायचा कोट हा कचराच नव्हे! तो या नियमांच्या कक्षेबाहेर राहतो आणि तंत्रज्ञाच्या घरच्या बादलीत पोहोचतो.

उपाय फार खर्चाचा नाही. कोट प्रयोगशाळेतच उतरवून, न गळणाऱ्या वेगळ्या पिशवीत ठेवावा. नमुना सांडला असेल तर तो आधी ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेवर निर्जंतुक करावा. प्रसूतिकक्षाच्या उपकरणांसाठी आरोग्य केंद्राला हे यंत्र लागतेच. सोडियम हायपोक्लोराइटमध्ये भिजवलेला कपडा मात्र त्यात घालू नये, घातक क्लोरीन वायू सुटतो. नेहमीच्या धुण्यासाठी ७१ अंशांचे पाणी २५ मिनिटे, हा अमेरिकी आरोग्य यंत्रणेचा दंडक आहे. चुलीवरचे उकळते पाणी त्याहून गरम असते खरे, पण अँथ्रॅक्सचे बीजाणू त्यालाही सहजी दाद देत नाहीत. शिवाय ती चूल घरची असेल, तर मूळ प्रश्न तसाच राहतो.

खर्चाचा हिशेब मांडायचा तर प्रत्येक तंत्रज्ञामागे तीन-चार कोट आणि धुण्याची सोय, एवढाच तो आहे. सरकारी केंद्रांत ही तरतूद वरून करता येईल. खासगी प्रयोगशाळांत ती चालकाला पदरमोड करूनच करावी लागेल, आणि तेथे कोट घरी नेऊ नये असे सांगणारा कोणी अधिकारी सहसा फिरकत नाही.