विश्लेषण : आजी-आजोबा नातवंडांसह बँकॉकला… पण सहल कोणाच्या वेगाने?

नांदेड-लातूरकडच्या घरांत परदेशवारी म्हटले की आधी आठवायचा तो अमेरिकेतला मुलगा. आजी-आजोबा त्याच्याकडे जायचे आणि सहा महिने नातवंडे सांभाळून परतायचे. आता दुसरे चित्र दिसू लागले आहे. निवृत्तीवेतन असलेले आजोबा गावातल्याच नातवंडांना घेऊन बँकॉक, सिंगापूर किंवा क्वालालंपूर दाखवायला निघतात. आई-वडील नोकरी-दुकानात अडकलेले असतात. नातू आठवीपुढे गेला की तो ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवण्यांत गुंततो, मग दहावी, बारावी, नीट. मोकळा वेळ उरतो तो फक्त या दोन टोकांकडे. म्हणूनच ही सहल चैन समजून सोडून देऊ नये. मात्र ती नीट आखायला हवी.

बँकॉकच का?

पहिले कारण अंतर. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. राज्य बदलले, तरी मोठा दवाखाना आणि लग्नाचा बस्ता यांसाठी हैदराबाद गाठण्याची सवय राहिली. नांदेड आणि लातूरला हैदराबाद मुंबईपेक्षा बरेच जवळ आहे आणि तिथून आग्नेय आशियाला थेट विमाने आहेत.

दुसरे कारण व्हिसा. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसामुक्त प्रवेश दिला. थायलंडने ही मुदत जुलै २०२४ मध्ये ६० दिवसांवर नेली. सिंगापूरला मात्र व्हिसा लागतो. अशा सवलती बदलत असतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या दूतावासाचे संकेतस्थळ पाहणे आवश्यक.

कागदपत्रांत अडते कुठे?

व्हिसा नाही म्हणजे कागद नाही, हा गैरसमज आहे. १ मे २०२५ पासून थायलंडला जाणाऱ्या प्रत्येकाला, लहान मुलांनाही, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन पत्र भरावे लागते. मलेशिया आणि सिंगापूरचीही अशीच पत्रे आहेत. ती अधिकृत संकेतस्थळावर मोफत भरता येतात. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल, तर संकेतस्थळ चुकीचे आहे असे समजावे.

मुलांचा पासपोर्ट साधारण पाचच वर्षांचा असतो आणि प्रवासाच्या वेळी त्याची सहा महिन्यांची वैधता शिल्लक लागते. नव्या पासपोर्टच्या शुल्कात ६० वर्षांवरील आणि ८ वर्षांखालील अर्जदारांना १० टक्के सवलत आहे. म्हणजे आजी आणि धाकटी नात, दोघींनाही ती मिळू शकते.

सर्वांत दुर्लक्षित कागद म्हणजे आई-वडिलांचे संमतीपत्र. आईकडच्या आजी-आजोबांचे आडनाव नातवापेक्षा वेगळे असते. विमानतळावर ‘हे मूल तुमचे कोण?’ असे विचारले गेले, तर नुसते ‘नातू’ म्हणून भागेलच असे नाही. आई-वडील दोघांच्या सहीचे नोटरी केलेले इंग्रजी संमतीपत्र, जन्मदाखला आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती जवळ ठेवाव्यात.

पैसा आणि प्रकृती

परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस घेतला जातो. तो खर्चात गेला असे समजून अनेक जण विसरून जातात. प्रत्यक्षात आयकर विवरणपत्रात तो देय करात वळता होतो किंवा परत मिळू शकतो. आजोबांच्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू नसेल, तर बँकेचा ओटीपी येणार नाही आणि कार्ड खिशात असूनही व्यवहार अडेल. त्यामुळे रोमिंग निघण्याआधीच सुरू करून घ्यावे आणि थोडी रोख जवळ ठेवावी.

प्रवास विमा घेताना बीपी आणि शुगर लपवू नये. लपवलेला आजार नेमका दाव्याच्या वेळी आडवा येतो. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या पिशवीत असावीत. सिंगापूरला जाणाऱ्या आजोबांनी चंची घरीच ठेवावी. खायचा तंबाखू तिथे नेण्यास मनाई आहे.

खरी अडचण वेगाची

खरी गफलत पुढे होते. पॅकेजमध्ये चार दिवसांत दहा ठिकाणे बसवलेली असतात. आजीचे गुडघे दुपारी थकतात आणि नातवाचा उत्साह रात्री नऊला वाढतो. मग सहल दोघांचीही राहत नाही. त्यात शाळेला सुटी असते ती एप्रिल-मेमध्ये. एप्रिल हा बँकॉकचा सर्वांत उकाड्याचा महिना आणि १३ ते १५ एप्रिलला तिथे सोंगक्रानची गर्दी. मेपासून पाऊस. त्यापेक्षा दिवाळीच्या सुटीचा उत्तरार्ध बरा, कारण नोव्हेंबरपासून हवा सुखद होते.

एका दिवसात एकच मोठे ठिकाण, दुपारी विश्रांती आणि संध्याकाळी चाओ फ्राया नदीतली बोट, एवढे पुरे आहे. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरच्या मुलाला शहराच्या मधोमध भरून वाहणारी नदी दाखवणे, हेही कमी नाही.

आजीच खरी गाइड

फॉर्म नातवाने भरले, नकाशा नातीने पाहिला, तर आजी-आजोबांचे काम काय? बँकॉकमध्ये याचे उत्तर विमानतळावरच मिळते. त्याचे नाव ‘सुवर्णभूमी’ आणि आत समुद्रमंथनाचे भव्य शिल्प. ग्रँड पॅलेसच्या आवारातील वाट फ्रा केओ मंदिराच्या ओवऱ्यांत ‘रामाकियेन’ची, म्हणजे थाई रामायणाची, १७८ भित्तिचित्रे आहेत. तिथला हनुमान आपल्यासारखा ब्रह्मचारी नाही. यावर आजी आणि नातवाचा जो वाद होईल, तो कोणताही गाइड लावून देऊ शकणार नाही. जुनी राजधानी अयुथयाचे नावही अयोध्येवरून आलेले. हुजूर साहिबच्या नांदेडकरांना पाहुरातच्या बाजारपेठेत गुरुद्वारा आणि त्याचा लंगरही भेटेल.

पॅलेसमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. ‘आज पॅलेस बंद आहे, दुसरीकडे नेतो’ म्हणणाऱ्या टुकटुकवाल्याचे ऐकू नये, ही तिथली जुनी फसवणूक आहे.

तात्पर्य काय?

आई-वडिलांनी तिकिटे काढून दिली की आपले काम संपले, असे मानू नये. संमतीपत्र, विमा आणि रोमिंग ही तीन कामे त्यांची. आगमन पत्र आणि नकाशा नातवंडांचा. गोष्टी आजी-आजोबांच्या. कामे अशी वाटली, तर कोणीच कोणावर ओझे होत नाही. आणि आजीचे गुडघे चालताहेत, नातवाची शिकवणी सुरू झालेली नाही, अशी वर्षे कोणत्याही घरात मोजकीच असतात. पैसे पुढच्या वर्षीही जमतील. ही वर्षे पुन्हा जमणार नाहीत.