विश्लेषण : देव न मानणाऱ्याशी देवाविषयी का बोलावे?

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातले जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ मध्ये जन्मलेल्या रामदासांचा ‘दासबोध’ गुरू-शिष्य संवादाच्या रूपात आहे. श्रोते शंका घेतात, वक्ता निरसन करतो. म्हणजे शंकेला आपल्या परंपरेत जागा आहेच. पण शंका घेणारा देवच मानत नसेल तर? त्याच्याशी श्रद्धेविषयी बोलून काय साधते?

लागू-दाभोलकरांचा प्रयोग काय होता?

डॉ. श्रीराम लागू उघडपणे नास्तिक होते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती मात्र देव मानण्याला विरोध करत नव्हती. तिचा विरोध देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाला होता. हा मतभेद दोघांनी ‘वाद-संवाद’ कार्यक्रमांतून राज्यभर लोकांसमोर मांडला. एकमत न होताही सोबत काम करता येते, हे त्यातून दिसले.

कायद्यात काय उतरले?

जादूटोणाविरोधी विधेयकाला वारकऱ्यांसह अनेकांचा विरोध होता. देव-धर्मावर बंदी येईल, ही भीती होती. आक्षेपांनंतर मसुदा अनेकदा बदलला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. यात्रा, प्रदक्षिणा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे किंवा साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा मात्र गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे.

श्रद्धा आणि अघोरी प्रथा यांच्यातली ही रेघ एका बाजूच्या लोकांना आखता आली नसती. भजनाने कोणाचे नुकसान होत नाही, हे एका बाजूला कळावे लागते. गंड्यामुळे रुग्ण दगावू शकतो, हे दुसरीला.

जालन्यात याचा उपयोग काय?

पावसाळ्यात कापूस-सोयाबीनच्या शेतात साप चावला, की घरात दोन मते पडतात. आजी म्हणते आधी मांत्रिक, नातू म्हणतो आधी दवाखाना. त्या क्षणी चर्चेला वेळ नसतो. सापाच्या विषावर प्रतिविषाचे इंजेक्शनच चालते आणि उशीर जिवावर बेततो. ‘देवाला हात जोड, पण गाडी दवाखान्याकडे वळव’ हे आजीला आधीच पटलेले असावे लागते. आणि ते पटवायचे, तर नातवाने तिच्या पोथीची टिंगल करून चालत नाही.

चर्चेने श्रद्धा डळमळेल का?

हा आक्षेप नेहमी घेतला जातो. एका प्रश्नाने कोसळणारी श्रद्धा मुळात भीतीवर उभी असते. जिला आधार आहे, ती प्रश्नांनंतर अधिक स्वच्छ होते. नास्तिकालाही सप्ताहाच्या पंगतीत, वारीच्या पायपिटीत माणसांना काय मिळते, हे ऐकल्याशिवाय कळत नाही.

अट एकच : समोरच्याला बदलायचेच, असे ठरवून बसू नये. दाभोलकरांना गोळ्या घालणाऱ्या दोघांना मे २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने जन्मठेप सुनावली. पण वादाला गोळीने उत्तर देण्याची वृत्ती निकालाने संपत नाही. ती संपवायची, तर पारावर आणि घराच्या ओसरीवर हे बोलणे चालू राहिले पाहिजे.