तलवारीचा घसारा

चिरंजीव नववीत गेले आणि 'निन्टेंडो स्विच' नावाचं यंत्र आमच्या घरात आलं. ते फक्त रविवारी, फक्त तासभर आणि फक्त चिरंजीवांनी वापरायचं, असा ठराव झाला होता. यातली पहिली दोन कलमं चिरंजीवांनी मोडली. तिसरं मी मोडलं.

खेळाचं नाव 'द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड'. 2017 सालच्या मार्चमध्ये तो बाजारात आला, म्हणजे मी नेहमीप्रमाणे उशिराच पोहोचलो. हायरूल नावाचं राज्य. त्यात शंभर वर्षं झोपून उठलेला लिंक नावाचा पोरगा, किल्ल्यात ठाण मांडून बसलेलं गॅनन नावाचं अरिष्ट, आणि ते अरिष्ट शंभर वर्षं एकटीनं रोखून धरणारी राजकन्या झेल्डा. थोडक्यात, नायक दीर्घ रजेवर आणि टेबल सांभाळतेय दुसरीच. मला परकं असं काही वाटलंच नाही. त्यात तिथल्या चलनाचं नाव रुपी! अगदी माहेरी आल्यासारखं झालं.

आधी गुण सांगतो, म्हणजे मी आकसानं लिहितोय असं कुणी म्हणायला नको. समोर जो डोंगर दिसतो, तो चढता येतो. सुरुवातीच्या पठारावर चार देवळं पालथी घालून उडायचं कापड मिळवलं, की पुढे कुठंही जा. थेट किल्ल्यावर जाऊन गॅननशी भिडलात तरी अडवणारं कुणी नाही. 'आधी तीन नंबरच्या खिडकीवर जा' असं कुणीही सांगत नाही. (हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणतो ते विचारू नका.) या मालिकेचा पहिला खेळ 1986 सालचा. तो करणारे मियामोतो लहानपणी क्योतोजवळच्या सोनोबे गावच्या डोंगरात, गुहांत भटकायचे, त्यातून त्यांना तो सुचला. ती पोरवयातली उंडगेगिरी या खेळात पुरेपूर आहे. पाऊस आला की चढताना पाय घसरतो म्हणून लोक फार ओरडतात. मला त्यात काही वाटत नाही. ज्यानं भर पावसात सिंहगड चढलाय, तो याबद्दल तक्रार करणार नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. ती हत्यारांची.

या खेळात हत्यारं मोडतात. हातातली तलवार चार राक्षसांना हाणली की लाल चमकते, 'फार खराब झाली' अशी सूचना येते आणि पुढच्या घावांत तिचे तुकडे! मी कॉमर्सचा पदवीधर. घसारा मला मान्य आहे. वस्तू वापरली की झिजते, हे आम्ही अकरावीपासून नफा-तोटा पत्रकात लिहीत आलो. पण घसाऱ्याला काही दर असतो, आयुष्याचा काही अंदाज असतो, शेवटी मोडीची किंमत तरी येते. इथे तलवार किती वार टिकणार याचा आकडा कुठे दिसत नाही. दुकानदार ती विकत घेत नाही. साधी तलवार दुरुस्त करून देईल असा लोहार नाही. आणि मोडली की भंगारसुद्धा हाती लागत नाही, हवेत विरते. ऑडिटर एक दिवस खपवून घेणार नाही.

यावर खेळाचे भक्त म्हणतात, "अहो, तीच तर गंमत! मोडतं म्हणून तर माणूस नवनवी हत्यारं वापरून बघतो." चिरंजीव या पंथातले. पहिल्या आठ-दहा तासांपुरतं मी ते कबूलही करतो. एका हातात आमटीचा डाव आणि दुसऱ्या हातात पातेल्याचं झाकण घेऊन मी राक्षसांच्या टोळीवर चालून गेलो, तसला आनंद मला नोकरीत कायम झालो तेव्हाही झाला नव्हता. पण पुढे हळूहळू चांगल्या तलवारी हाती येऊ लागतात आणि मध्यमवर्गीय माणसाचा घात तिथं होतो. एक टोळी मारायला दोन चांगल्या तलवारी खर्ची पडतात आणि बक्षीस म्हणून मिळते एक सुमार. हा व्यवहार तोट्याचा आहे, हे कळायला पदवी लागत नाही. मग मी टोळी दिसली की वळसा घालून जायला लागलो. शूर व्हायला बसलेला माणूस या खेळानं कवडीचुंबक करून सोडला!

आमच्या आईच्या लग्नातला कपबश्यांचा संच अजून शोकेसमध्ये आहे. 'चांगले पाहुणे' यायचेत म्हणून. हायरूलमध्ये माझं तेच झालं. हातेनो गावात घर मिळतं. आधी पन्नास हजार रुपी सांगतात, मग तीन हजार आणि लाकडाच्या तीस मोळ्यांवर सौदा तुटतो. वर शंभर-शंभर देऊन भिंतीवर हत्यारं टांगायच्या खुंट्या घ्यायच्या. मी तिन्ही घेतल्या. उत्तमातल्या उत्तम तीन तलवारी तिथं टांगल्या आणि स्वतः गंजक्या हत्यारांनी राज्य वाचवायला निघालो. न मोडणारी एक तलवार आहे, मास्टर सोर्ड. पण ती मिळवायला तेरा हृदयं गाठीशी लागतात, आणि तीही थोडी वापरली की दमते, दहा मिनिटं हात लावू देत नाही. जेवणाची सुट्टी! एवढं तर आमच्या काउंटरवरही ताणत नाहीत.

2023 साली पुढचा भाग आला, त्यातही हत्यारं मोडतातच. पण तिथं काठीला धोंडा चिकटवून नवं हत्यार करता येतं, म्हणजे भांडवल थोडं तरी पुन्हा उभं राहतं. भक्तांना माझं विचारणं एवढंच आहे : मोडण्यातच सगळी गंमत होती, तर ही सोय कशाला केली?

परवा अखेर गॅनन पडला. मास्टर सोर्ड आणि कशाबशा उरलेल्या भाल्यानं. चिरंजीवांनी माझी पोतडी उघडली. आत पाच कोऱ्या तलवारी, एकदाही न उगारलेल्या.

"बाबा, या कशाला ठेवल्या होत्या?"

"असू दे रे. पुढे एखादा मोठा राक्षस आला तर?"

"बाबा," चिरंजीव म्हणाले, "मोठा राक्षस मेला."