‘हमारी बेटी’ची कमाई कुणाची?

नूतनचं नाव निघालं की दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. पहिली, तिला काय, आई नटी, बाप दिग्दर्शक, सगळं आयतं मिळालं. दुसरी जरा आवाज खाली करून सांगितली जाते. आईनेच तिला कोवळ्या वयात कामाला लावलं आणि पुढे पैशावरून मायलेकींचं बिनसलं. पहिली गोष्ट मुलीचे कष्ट पुसून टाकते. दुसरी सगळा दोष एका बाईच्या माथी मारून मोकळी होते. साधा प्रश्न मात्र दोन्हींत कुणी विचारत नाही : चौदा वर्षांच्या मुलीने मिळवलेला पैसा कुणाचा?

आधी हकिगत नीट पाहू. नूतनचा जन्म ४ जून १९३६ रोजी मुंबईत झाला. आई शोभना समर्थ म्हणजे १९४३ सालच्या ‘रामराज्य’मधली सीता. त्या सीतेची छबी घरोघरच्या कॅलेंडरांवर लागली. वडील कुमारसेन समर्थ दिग्दर्शक. आजी रतनबाई यांनीही सिनेमात काम केलेलं. घरात तीन मुली आणि एक मुलगा. नूतन लहान असतानाच आईवडील वेगळे झाले. म्हणजे कॅलेंडरवरची सीता प्रत्यक्षात नवऱ्यावाचून राहणारी, स्वतः कमावणारी बाई होती. १९५० साली शोभनाबाईंनी स्वतःच निर्मिती आणि दिग्दर्शन करून ‘हमारी बेटी’ काढला. नायिका नूतन, आणि तिचं लहानपण रंगवायला धाकटी तनुजा. त्या काळात कॅमेऱ्यामागे उभं राहून हुकूम देणाऱ्या बाया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. हे धाडस आपण मोकळ्या मनाने मान्य करायला हवं.

पण त्या चित्रपटाचं नाव पुन्हा एकदा वाचा. ‘हमारी बेटी’. आमची मुलगी. मुलगी ‘आमची’ म्हटली की तिचे श्रम आमचे, तिचा वेळ आमचा आणि तिची मिळकतही आमचीच. आपल्या समाजात या ‘आमची’ शब्दाचा हिशेब कधी मांडला जात नाही.

१९५१ साली नूतनचा ‘नगीना’ आला. त्याला प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं होतं. नायिकेचंच वय अठराच्या आत, म्हणून तिला स्वतःचा सिनेमा पाहायला थिएटरात सोडेनात, हा किस्सा सिनेमाच्या पुस्तकांत गंमत म्हणून सांगतात. यात गंमत कसली? ज्या चित्रपटाचं दृश्य पाहिल्याने मुलीचं मन बिघडेल असं सरकारला वाटत होतं, त्याच दृश्यात तिने काम करायला सरकारची हरकत नव्हती. तिच्या नजरेची काळजी होती, तिच्या मेहनतीची नव्हती. ‘हमारी बेटी’ आला त्याच १९५० साली राज्यघटना अमलात आली. कलम २४ ने चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखाने, खाणी आणि धोक्याच्या कामांवर बंदी घातली. स्टुडिओतले दिवे, रात्रीची शिफ्ट, तेच दृश्य पुन्हा पुन्हा करणं, याला कुणी काम म्हटलंच नाही. ती म्हणे कला, घरचा वारसा.

वारसा हा शब्द तरी सगळ्यांना सारखा कुठे लागू होतो? राज कपूरच्या तिन्ही मुलांनी पडद्यावर कामं केली, दोन्ही मुली मात्र पडद्यापासून लांब राहिल्या. मुलगा आला तर घराण्याचं नाव पुढे चाललं म्हणायचं. मुलगी नाही आली तर घराण्याची अब्रू राहिली म्हणायचं. आणि समर्थांच्या मुली आल्या तर आईने कामाला लावल्या म्हणायचं. एकाच धंद्यातली ही तीन मापं. तिन्ही पुरुषांच्या सोयीची.

‘आयतं मिळालं’ म्हणणाऱ्यांनी १९५५ चा ‘सीमा’ पाहावा. चोरीचा आळ आलेली, सुधारगृहात डांबलेली अनाथ गौरी नूतनने उभी केली, तेव्हा ती विशीच्याही आत होती. तिचा संताप, तिची धुसफूस कुठल्या आईने लिहून दिली नव्हती. त्या भूमिकेसाठी तिला फिल्मफेअर मिळालं. पुढे ‘सुजाता’ आणि ‘बंदिनी’ आले. आडनावाने स्टुडिओचं दार उघडतं, हे खरं आहे आणि ते अन्यायाचंही आहे. दाराबाहेर उभ्या राहिलेल्या शेकडो मुलींची बाजू आपण सोडायची नाही. पण दार उघडल्यावर आत जे काम झालं, ते त्या मुलीने केलं. तिचं श्रेय घराण्याच्या खात्यात जमा करणं हीसुद्धा चोरीच.

आता त्या दुसऱ्या, दबक्या आवाजातल्या गोष्टीकडे. पुढच्या काळात पैशाच्या व्यवहारावरून मायलेकींमध्ये कोर्टापर्यंत तंटा गेला, बरीच वर्षं अबोला राहिला आणि १९८० च्या दशकात समेट झाला. त्यात कोण खरं, कोण खोटं हे ठरवायला आपण बसलेलो नाही. ज्या आईने १९५३ साली मुलीला स्वित्झर्लंडला शिकायला पाठवलं, तिला खलनायिका ठरवणं सोपं आहे, म्हणूनच लोकांना आवडतं. मुलांच्या वाढीचा, शिक्षणाचा भार ज्या बाईवर येतो, तिलाच वर हिशेबही द्यावा लागतो. त्या हिशेबात बापाचं नाव कुणी घेत नाही.

मात्र मैत्रिणींनो, इथे थांबलो तर आपण अर्धीच लढाई लढू. आईला मुलांची पालक मानावं म्हणून स्त्री चळवळ वर्षानुवर्षं भांडली. १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याने बापाला पहिला पालक केलं आणि आईला ‘त्याच्यानंतर’ उभं केलं. १९९९ साली गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या ‘नंतर’चा अर्थ सैल केला. हा आपला विजय होता. पण पालक बाप असो की आई, मुलीच्या कमाईवर पालकाचा हक्क कुठे संपतो, हा प्रश्न तेव्हाही उरला आणि आजही आहे. त्याच कायद्यात अज्ञान मुलाची जमीन किंवा घर विकायचं तर कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. मुलाने अंगमेहनतीने मिळवलेला पैसा खर्च करायला अशी कुठली परवानगी लागत नाही. जमिनीला कुलूप आहे, घामाला नाही. आईविरुद्ध बोलायला नको म्हणून आपण यावर गप्प बसलो तर कुटुंब नावाच्या संस्थेला आपणच पाठीशी घातलं असं होईल.

अमेरिकेत हा प्रश्न एका मुलामुळे ऐरणीवर आला. चॅप्लिनच्या १९२१ च्या ‘द किड’मधला जॅकी कूगन मोठा झाल्यावर त्याला कळलं की त्याच्या कमाईतलं फारच थोडं उरलंय. १९३८ साली त्याने आई आणि सावत्र बापावर दावा लावला. १९३९ साली कॅलिफोर्नियात त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. आज तिथे बालकलाकाराच्या मिळकतीचा किमान १५ टक्के भाग राखून ठेवावा लागतो. आपल्याकडे अशी तरतूद यायला २०१७ साल उजाडलं. बालमजुरी कायद्याच्या त्या वर्षीच्या नियमांप्रमाणे बालकलाकाराचं काम दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नको, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नको आणि किमान २० टक्के मिळकत राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकायची.

नियम चांगला वाटतो. पण उरलेल्या ८० टक्क्यांचं काय? शिवाय या कायद्यातला ‘बालक’ चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंतचाच. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलीला ही ठेव लागू नाही. म्हणजे ‘नगीना’तली नूतन आज असती तरी तिच्या नावे एक रुपयाही ठेवण्याची सक्ती नसती. मुलीचं शरीर बाजारात विकाऊ ठरतं नेमकं त्याच वयात, आणि तिथेच कायदा हात झटकतो. वर २०१६ च्या दुरुस्तीने घरच्या धंद्यात शाळेनंतर ‘मदत’ करायला मुलांना मोकळीक दिली. मदत या शब्दाखाली पापड लाटणं, खुरपणी, भावंडं सांभाळणं हे सगळं खपतं, आणि त्यात मुलीच जास्त भरडल्या जातात. आता घराघरांत मोबाईलवर पोरींचे नाच आणि गमतीजमती चित्रित होतात. त्याचे पैसे आईबापाच्या खात्यात येतात. आईबापच निर्माते, आईबापच पालक. १९५० च्या ‘हमारी बेटी’चा साचा घरोघर पोचला आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट ठेवू. अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत प्रत्येक मुलीच्या मिळकतीचा निम्म्याहून जास्त भाग तिच्याच नावे राहिला पाहिजे. त्या पैशावर घराबाहेरच्या एका माणसाची देखरेख हवी. अठराव्या वर्षी करारपत्रं आणि पै-पैचा हिशेब तिच्या हातात मिळायला हवा. आणि या मागण्या नटीच्या मुलीपुरत्या ठेवायच्या नाहीत. नटीच्या मुलीचं निदान नाव छापून येतं. आपल्या वस्तीतल्या, बंगल्यात धुणीभांडी करणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीचा पगार महिन्याअखेरीला कुणाच्या हातात पडतो, हे आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत विचारा. उत्तर बहुतेक वेळा ‘घरात देते’ असं येईल. मग पुढचा प्रश्न विचारा : त्या घरात तुझ्या नावावर काय आहे?