शेवटच्या वळणावर चुकलेली ‘तलाश’

काही चित्रपट बराच वेळ चांगले जमतात आणि शेवटी हातातून निसटतात. रीमा कागती दिग्दर्शित ‘तलाश’ (2012) त्यांपैकीच एक. शेवट सांगितल्याशिवाय आम्हाला आमचे म्हणणे मांडता येणार नाही. ज्यांनी तो पाहिलेला नाही, त्यांची आधीच माफी मागतो.

मुंबईत समुद्रालगतच्या रस्त्यावरून रात्री एका नटाची मोटार थेट पाण्यात जाते. तपास इन्स्पेक्टर सुरजनसिंह शेखावत (आमिर खान) यांच्याकडे येतो. पण खरी कथा त्यांच्या घरातली आहे. त्यांचा लहानगा करण सहलीत पाण्यात बुडून गेलेला. ‘मी लक्ष दिले असते तर...’ हा विचार बापाला झोपू देत नाही. तो रात्री गाडी घेऊन भटकतो. आई रोशनी (राणी मुखर्जी) आतल्या आत खचत जाते. दोघे एकाच छताखाली, पण बोलणे बंद. इथपर्यंत चित्रपट काळजाला भिडतो.

मग कळते, की सुरजनला माहिती पुरवणारी रोझी (करीना कपूर) जिवंत बाई नाहीच, ती भटकता आत्मा आहे. इथे गोंधळ उडतो. तिला थकलेल्या मनाचा भास म्हणावे, तर सुरजनला ठाऊक नसलेले तिने कसे सांगितले? खरोखर आत्मा म्हणावे, तर इतका वेळ चाललेल्या तपासाला अर्थ काय उरला?

आमची खरी हरकत पुढेच आहे. मृतांशी बोलते म्हणणाऱ्या शेजारणीकडे रोशनी जाते, तेव्हा सुरजन संतापतो. शेवटी मात्र तिच्याच हातून आलेली मुलाची चिठ्ठी वाचून तो रडतो आणि मोकळा होतो. म्हणजे शेजारणच खरी ठरली! दुःखी आईबापांकडून पैसे उकळून असे निरोप देणारे आपल्या वस्त्यांतही आहेत. त्यांना याहून मोठी शिफारस कोणती?

आपल्या ईमानानुसार गेलेला जीव बरजखात असतो, तो चिठ्ठ्या पाठवत नाही. ‘असे केले असते तर’ म्हणत स्वतःला जाळू नये, हीच हदीसची शिकवण आहे. आणि रडायला चिठ्ठी कशाला हवी? चिमुकले पुत्र इब्राहीम वारले, तेव्हा स्वतः पैगंबर (स.) यांचे डोळे पाणावले होते. सब्र म्हणजे अश्रू गिळणे नव्हे.

सुरजन बायकोजवळ बसून रडला असता, तरी शेवट पुरा झाला असता. आपल्या ओळखीत असे घर असेल, तर तीन दिवसांच्या ताजियतनंतरही तिथे जाऊन बसा. गेलेल्या लेकराचे नाव घ्या, आईला बोलू द्या, आणि बापालाही.