सणाच्या मटणातलं थोडं वाळवून ठेवा

होळीला पुरणपोळी, धुळवडीला मटण. संक्रांतीला तिळगूळ, करीला पुन्हा चूल तिखट. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कुठल्याही तालुक्यात जा, खाणाऱ्या घरांत हा क्रम ठरलेला. बकरीदला, कंदुरीला, आखाडातही तसंच. एका दिवसात पोट फुटेस्तोवर खाणं होतं आणि मग कित्येक घरांत पुढच्या सणापर्यंत ताटात तुकडा दिसत नाही. माझं सांगणं एवढंच आहे: धुळवडीच्या मटणातलं पाव-अर्धा किलो बाजूला काढा, नीट वाळवा आणि पुढं ते घरातल्या बायका-मुलांना थोडं थोडं खाऊ घाला.

हे तळमळीनं सांगायचं कारण पंगतीत दिसतं. आधी पुरुष बसतात, मग पोरंसोरं, शेवटी वाढणाऱ्या बायका. तोवर पातेल्याच्या तळाशी रस्सा आणि दोन हाडकं उरलेली असतात. आणि अंगात रक्त कमी असतं ते नेमकं याच बायकांच्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तो आकडा ६८.९ टक्के होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं, पाळी येणाऱ्या बाईला २९. गरज तिची जास्त, वाटा मात्र तिचा कमी. मेथी-पालकातही लोह असतं, पण शरीर त्यातलं थोडंच घेतं. मटणातलं त्याहून बरंच जास्त अंगी लागतं. शिवाय ते डाळी-भाजीसोबत खाल्लं तर त्यांच्यातलं लोहही जास्त शोषलं जातं. बी-१२ तर डाळी-भाज्यांतून मिळतच नाही. एकाच दिवशी अर्धा किलो खाऊन जादाची प्रथिनं अंगात साठून राहत नाहीत. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा मूठभर बरं.

मटण वाळवणं आपल्याकडे नवं नाही. मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांत मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळवत, त्यांना चान्या म्हणतात. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकात हे सगळं खाणं नीट लिहून ठेवलं आहे. या खाण्यामागं उपासमार होती, अपमान होता. मेलेल्या जनावराचं मांस सोडा, असं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत सांगितलं, ते योग्यच होतं. मी बोलतोय ते खाटकाकडून आणलेल्या ताज्या शेळी-बोकडाच्या मटणाबद्दल. पण मांस टिकवण्याची कला ज्या बायांच्या हातात होती, त्यांची ती विद्या लाजेपोटी विसरू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता कसं करायचं ते. फाल्गुन ते वैशाख हाच काळ, कडक ऊन आणि कोरडी हवा. आखाडात, म्हणजे पावसाळी हवेत, वाळवायच्या भानगडीत पडू नका, बुरशी येते. बिनहाडाचं मटण घ्या, चरबी काढून टाका, कारण वाळवल्यावर खवट होते ती चरबीच. बोटाहून बारीक, लांब पट्ट्या कापा. कच्चंच उन्हात टाकायची जुनी रीत होती, ती मात्र सोडा. ऊन पाणी काढून घेतं, जंतू मारत नाही. आणि हळद चोळली म्हणजे मांस निर्धोक झालं, असं आपल्या हळदीच्या हिंगोली जिल्ह्यातही समजू नका. पट्ट्या मीठ-हळदीच्या उकळत्या पाण्यात आतपर्यंत शिजवून घ्या आणि निथळवा. ते पाणी फेकू नका. ही आळणी लहानग्यांना, बाळंतिणीला गरम गरम द्या, फक्त मीठ बेतानं टाकलेलं असू द्या.

वाळवताना खताच्या गोण्या नि फवारणीची ताडपत्री जवळही नको. स्वच्छ दोरी किंवा चाळण आणि माश्यांसाठी वरून मच्छरदाणीचं कापड. संध्याकाळी आत घ्या, सकाळी पुन्हा बाहेर. तीन-चार उन्हं लागतील. हळकुंड वाळलं की ते मोडताना कट्‌ आवाज येतो, तशी पट्टी मोडली पाहिजे. वाकली आणि मध्ये ओलसर लागली तर अजून एक ऊन द्या. किलोभर मटणाचं पाव किलोच्या आसपास उरेल, त्यानं निराश होऊ नका. गेलं ते बहुतेक पाणीच. ताज्या मटणाच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात, चांगल्या वाळलेल्यात ५० ते ६० पर्यंत जातात. म्हणजे २० ग्रॅमची लहानशी मूठ एका पोराला १० ग्रॅमहून जास्त प्रथिनं देते.

रांधताना कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, ते पाणी ओतून द्या म्हणजे जादा मीठ निघून जाईल, मग कुकरमध्ये मऊ शिजवा. येसराच्या आमटीत टाका, तुरीच्या वरणात टाका. लहान मुलांसाठी खलबत्त्यात कुटून भाकरीच्या काल्यात मिसळा. वरून लिंबू पिळा, त्यानं डाळ-भाकरीतलं लोहही जास्त अंगी लागतं. आणि जेवणावर लगेच चहा नको, तो लोह अडवतो.

काही जण विचारतात, गोड करून ठेवलं तर? सिंगापूर-मलेशियात चिनी नववर्षाला साखर-मसाल्यात मुरवून निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या चकत्या खातात, त्यांना बाक क्वा म्हणतात. सणाच्या आधी दुकानांपुढे रांगा लागतात. साखर मांसातलं पाणी धरून ठेवते, म्हणून ते टिकतं, हे खरं. पण त्यात मीठही जास्त आणि साखरही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ आणि शक्यतो २५ ग्रॅमच्या आत वरची साखर सांगते. होळीच्या दोन पुरणपोळ्यांतच गुळाचा वाटा संपतो. त्यात साखरेचं मांस कशाला? मधुमेह असलेल्या घरात तर ते आणूच नका.

आपलं साधं खारं सुकं मटणही रोज खायचं नाही. खारवलेलं, टिकवलेलं मांस रोज खाल्ल्यानं आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ साली जाहीर केलं. आठवड्यातून दोनदा, तेही मूठभर, एवढंच धरा. रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार किंवा युरिक ॲसिडचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. वर्षाच्या आतल्या बाळाला खारं मांस देऊ नका. आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या मटण मिळतंय म्हणून बंद करू नका. माळकरी घरांना हे आवाहन नाही. त्यांनी डाळी, तीळ, शेंगदाणे आणि दूध-दही बायका-पोरांच्या ताटात वाढवावं, आणि बी-१२ डॉक्टरांना विचारून तपासून घ्यावं.

वाळलेलं मटण काचेच्या बरणीत, कोरड्या हातानं भरा. फ्रिज असेल तर त्यात ठेवा, नसेल तर मृग निघायच्या आत संपवा. झाकण काढल्यावर खवट वास आला किंवा पांढरी-हिरवी बुरशी दिसली, तर धुऊन, तळून खायचा मोह धरू नका; सगळं टाकून द्या. आणि पंगतीला बसायच्या आधी, पातेलं भरलेलं असतानाच, बाईचा वाटा वेगळ्या डब्यात काढून ठेवा.