झेरॉक्सवरचं प्रमाण खोटं असतं



या खेपेला आठवणी-बिठवणी काही नाहीत. या वेळी भांडण आहे आणि ते नकाशाच्या झेरॉक्सशी आहे. हसू नका. खेड्यात भावाभावांचं बोलणं बंद व्हायला बांधाचं एक निमित्त पुरतं, आणि ते निमित्त पुष्कळदा असल्या कागदातून निघतं.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगते. ज्या नकाशावर रेषाप्रमाण काढलेलं नाही, तो छापून कुणाच्या हातात देऊच नये.

भूगोलात आम्ही प्रमाणाचे तीन प्रकार शिकवायचो. शब्दप्रमाण म्हणजे 'एक सेंटिमीटरला दहा मीटर'. अंकप्रमाण म्हणजे १:१०००. आणि रेषाप्रमाण म्हणजे नकाशाच्या तळाशी काढलेली, भाग पाडलेली पट्टी. मुलं पहिली दोन पाठ करायची आणि तिसरं सोडून द्यायची, कारण ते काढायला वेळ लागतो. आता मोठी माणसंही तेच करतात! पण नकाशा लहान केला की पहिली दोन्ही प्रमाणं तत्क्षणी खोटी होतात. कागद आक्रसला तरी १:१००० हा आकडा तसाच राहतो. रेषाप्रमाण मात्र नकाशाबरोबरच आक्रसतं, म्हणून खरं राहतं.

माझा एक जुना विद्यार्थी गेल्या वर्षी भावाला घेऊन आला. हातात नकाशाची ए-फोर झेरॉक्स, त्यावर १:१००० छापलेलं, आणि पोराच्या कंपासपेटीतली पट्टी. "बाई, आमची पाच गुंठे जमीन कुठं गेली?" मूळ नकाशा ए-थ्रीवर होता. दुकानदाराने 'बसवून' दिला होता, एवढंच. आता गणित करा. ए-थ्रीवरून ए-फोर केलं की प्रत्येक रेघ सुमारे ७०.७ टक्के उरते. चाळीस मीटर बाय पंचवीस मीटरचा तुकडा मूळ नकाशात ४ सेंमी बाय २.५ सेंमी होता. झेरॉक्समध्ये तो २.८३ बाय १.७७ झाला. १:१००० धरून मोजला की हजार चौरस मीटरचे पाचशे भरतात. सुमारे दहा गुंठ्यांचे पाच गुंठे झाले, आणि ते कुणीही खाल्ले नव्हते. दोघंही एकमेकांकडे बघायला लागले.

बरं, एवढा मोठा फरक निदान संशय तरी आणतो. छोटा फरक जास्त घातकी. संगणकावरून छापताना 'पानावर मावेल असं' हा पर्याय राहिला, तर समासासाठी नकाशा थोडा लहान होतो. समजा ९७ टक्के झाला. तीनच टक्के, काय होतंय? पण क्षेत्र लांबी-रुंदीच्या गुणाकाराने घटतं, ९४ टक्के उरतं. एकरामागे सव्वादोन गुंठ्यांहून जास्त गेलं!

त्यात एककांची खिचडी. आपल्याकडची जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची. साखळी गुणिले साखळी म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. सातबारावर आता हेक्टर-आर असतात, आणि लोक बेधडक 'आर म्हणजे गुंठाच' म्हणतात. गुंठा १०१.१७ चौरस मीटर, आर १००. हेक्टरला सव्वा गुंठ्याच्या जवळपास फरक पडतो. जुन्या नकाशावर 'एका इंचाला वीस साखळ्या' असं असेल तर ते १:७९२० होतं. त्यावर सेंटिमीटरची पट्टी ठेवून दहा हजाराने गुणणाऱ्याला काय म्हणावं? कॅडवर तर रेघेची लांबी नुसती संख्या असते, ती मिलिमीटर की इंच हे ज्याचं त्याने सांगायचं. चुकलं की २५.४ पटींचा घोटाळा. शिकलेल्यांचंही असंच होतं. अमेरिकेचं मंगळाकडे गेलेलं एक यान १९९९ साली नष्ट झालं, कारण एका गटाचे आकडे पौंडांत होते आणि दुसऱ्याने ते न्यूटनमध्ये समजले.

आता नवीन फॅशन, नकाशाचा मोबाइलवर फोटो काढून पाठवायचा. फोन तिरका धरला की जवळची बाजू मोठी, लांबची लहान. एकाच कागदावर दोन प्रमाणं! विमानातून मोजणीचे फोटो काढतात तेव्हा भिंग कॅमेऱ्यात घट्ट बसवलेलं असतं, ते उगाच नाही. प्रमाण निघतं भिंगाचं नाभीय अंतर भागिले उंची असं. १५ सेंमीचं भिंग १,५०० मीटरवरून १:१०,००० देतं. हे अंतर एक मिलिमीटरने वाढलं तर प्रमाण १:९,९३४ होतं. तिथे मिलिमीटरची एवढी काळजी, आणि आपण हात हलवत फोटो काढून त्यावर बांध ठरवतो.

आमचा पुण्याचा भाचा म्हणेल, "मावशी, नकाशावर पट्टी लावायचीच नसते, लिहिलेली मापं वाचायची. आणि आता जीपीएस आहे." बाळा, मापं लिहिलेली असतील तर तुझं खरं आहे. पण शेतकऱ्याच्या हातात येणाऱ्या गावनकाशात नुसत्या रेघा आणि गटनंबर असतात, तो पट्टी लावणारच. २०२० साली स्वामित्व योजना सुरू झाली, गावठाणांचे नकाशे ड्रोनवरून झाले. ड्रोनने कितीही बारकाईने मोजलं तरी शेवटी कागद छापतो तो कोपऱ्यावरचा झेरॉक्सवालाच. अधिकृत मोजणी हाच शेवटचा शब्द, हे मला मान्य आहे. पण डोकी तापतात ती त्याच्या आधी, घरच्या ओसरीवर.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. नकाशा करणाऱ्याने चौकटीच्या आत रेषाप्रमाण काढावं आणि मूळ कागदाचा आकार लिहावा. छापणाऱ्याने शंभर टक्क्यांवरच छापावं. शिक्षकांनी एक तास मुलांच्या हातात मूळ नकाशा आणि त्याची लहान झेरॉक्स देऊन दोन्ही मोजायला लावावं. याला खर्च काही नाही.

तोवर आपण एवढं करू या. नकाशा हातात आला की आधी पट्टी शोधा. नसेल तर त्यावरून कुणाशी भांडू नका. बघा पटतंय का.